हाताने जुनवलेला बेस गिटार आणि आजोबांच्या नांगराचं रुमणं

तापीकाठ (धरणगाव)

राम राम मंडळी,

दिवाळीत हातात घेतलेला बेस, म्हणजे खर्जात वाजणारा चार तारांचा गिटार, पाऊस लागायच्या आत पूर्ण झाला. फोटो टाकले आहेत. पहिला फोटो बघून मामेभावाने फोनच केला, "हाई जुनी गिटार तुले कोठे भेटनी?" भेटली नाही, घडवली. आणि घडवून झाल्यावर मुद्दाम जुनवली. इंग्रजीत याला रेलिक म्हणतात. फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने 1995 साली असे हाताने जुने केलेले गिटार विकायला काढले, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. मी आपला 'जुनवणं' म्हणतो.

आराखडा जुन्या प्रिसिजन बेसचा. लिओ फेंडरने 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये तो बाजारात आणला. त्याआधी बँडमध्ये माणसाच्या उंचीएवढा उभा डबल बेस असायचा, त्याला पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. याच्या नेकवर, म्हणजे लांब दांड्यावर, पडद्यांच्या धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे बोट ठेवलं की सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी 34 इंच. त्यात आजही कोणी फारसा बदल केलेला नाही. 1957 साली त्याचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारं चुंबकाचं वेटोळं, दोन तुकड्यांत विभागला गेला. मी त्याच सुधारलेल्या रूपावर काम केलंय.

मी फर्निचरचं काम करतो. बेस शिकलो भुसावळला, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे. त्यांच्याकडे साठच्या दशकातला खरा प्रिसिजन होता. पहिल्यांदा हातात दिला तेव्हा रंग, पोपडे, ओरखडे काही दिसलंच नाही मला. डावा हात नेकच्या मागे गेला आणि तिथेच थांबला. ते लाकूड लाकडासारखं लागतच नव्हतं.

घरी आल्यावर आठवलं, हा स्पर्श ओळखीचा आहे. आमच्या खळ्यात आजोबांच्या नांगराचं रुमणं अजून आडव्याला टांगलेलं आहे. जिथे मूठ बसायची तिथे दीड वीत लांब जागा काळपट-मधाळ झालीय, गुळगुळीत, आणि किंचित बसकी. वर-खाली लाकूड खरबरीतच आहे. अंगठ्याची बाजू जास्त झिजलेली, करंगळीची कमी. आजोबा डावरे होते हे घरात कोणी सांगितलं नसतं तरी रुमण्याने सांगितलं असतं.

विकत मिळणारे बरेच जुनवलेले गिटार मी फोटोत आणि दुकानांत पाहिलेत. सगळ्यांवर पोपडे एकाच जागी, ओरखडे एकाच पद्धतीचे, जणू सगळे एकाच माणसाने वाजवलेत. माझं म्हणणं एवढंच आहे की झीज कोणाच्या तरी हाताची असली पाहिजे. म्हणून काम नेकच्या मागून सुरू करायचं, मग फिंगरबोर्डच्या, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या फळीच्या, कडा, आणि रंगाचे पोपडे सगळ्यात शेवटी, तेही बेताने.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं लिहितो.

जुना_सागवान (नंदुरबार)

भाऊ, लाकूड कोणतं ते सांगितलंच नाही. आमचा धंदाच तो, त्यामुळे आधी तिथेच नजर गेली. बॉडीचा रंग उडालेल्या जागी फिकट पिवळसर दिसतंय. सागवान नक्की नाही.

तापीकाठ (धरणगाव)

बरोबर ओळखलंत. बॉडी शिवणची, दोन फळ्या जोडून. मूळ बेस आधी ॲशचे आणि 1956 च्या सुमारापासून मुख्यतः आल्डरचे. आपल्याकडे दोन्ही मिळत नाहीत. शिवण हलकं, सुकल्यावर फार वाकत-पिळत नाही, आणि रंधा छान घेतं. सागवानाची बॉडी करून पाहिली होती, खांदा दुखतो.

नेक मात्र सागवानाचाच. गावातलं एक धाब्याचं घर पाडलं, त्याची तुळई मिळाली. मूळ नेक मेपलचा असतो. चार तारांचा मिळून ताण 80 किलोच्या आसपास जातो, म्हणून रेषा उभ्या येतील असा चिरून घेतला आणि आत ट्रस रॉड, म्हणजे नेक वाकू न देणारी लोखंडी सळई, टाकला. फिंगरबोर्ड शिसवाचा.

जुना_सागवान (नंदुरबार)

धाब्याच्या तुळईला तोड नाही. जे काही वाकायचं ते आधीच वाकून झालेलं असतं. फक्त खिळे बघून घ्या, रंध्याचं पातं जातं.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सागवान, शिसव घेताना पावती आणि वाहतूक पास मागून घ्या, जुन्या घराचं लाकूड असेल तरी कागद ठेवा. आणि परदेशी पाठवायचा विचार असेल तर शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून सायटीसचं, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या जागतिक कराराचं, बंधन आहे. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, नुसत्या फळीला नाही. ब्राझीलचा शिसव तर 1992 पासून कडक यादीत आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडरच्या बेसवर तोच लागायचा, म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. आपला सातपुड्याकडचा काळा शिसव त्याच्यापेक्षा कुठे कमी आहे असं मला वाटत नाही. घासल्यावर गुलाबासारखा वास सुटतो तो एकदा घेऊन बघा.

चारतारा (भुसावळ)

मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्न, नवरात्र, गणपती. मला दिसण्याचं फार काही नाही, वाजवायला कसा आहे ते सांगा.

एक अनुभव सांगतो. मे महिन्यात मांडवात उभं राहिलं की चकचकीत पॉलिशचा नेक तळहाताला चिकटतो. गाणं फास्ट असलं की हात सरकतच नाही, अंगठा अडकतो. मी शेवटी नेकच्या मागचं सगळं पॉलिश पॉलिशपेपरने काढून टाकलं. मालकाला वाटलं मी गिटार खराब केली. पण त्यानंतर हात मोकळा झाला तो झालाच. म्हणून तुमचं 'नेकच्या मागून सुरुवात' एकदम पटलं.

आणि आपल्या उन्हाळ्यात अजून एक होतं. फिंगरबोर्ड सुकून आखडतो आणि पट्ट्यांची टोकं बाहेर येतात. डावा हात वर-खाली केला की करवतीसारखं लागतं. त्याचं काय केलंत?

तापीकाठ (धरणगाव)

भाऊ, तुमच्यासारख्याचीच वाट बघत होतो.

पट्ट्यांचं असं. शिसवाची फळी चिरून पूर्ण एक उन्हाळा माळ्यावर पत्र्याखाली ठेवली. जेवढी आखडायची तेवढी आखडली, मग पट्ट्या ठोकल्या. टोकं कानशीने तिरपी केली आणि त्यानंतर फिंगरबोर्डची कड गोल केली. ही कड गोल करणं म्हणजे जुनवण्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम. स्क्रूड्रायव्हरचा गोल दांडा घ्यायचा आणि कडेवर दाबून घासत राहायचं. लाकूड कापलं जात नाही, दबतं. पहिल्या पाच पट्ट्यांपर्यंत जास्त, पुढे कमी कमी, कारण हात तिथेच जास्त असतो. बाराव्या पट्टीच्या पुढे मी हातही लावला नाही.

नेकच्या मागे आधी लॅकरचे पातळ हात दिले, दोन आठवडे वाळू दिलं, मग मधला भाग बारीक स्टील वूलने उतरवला. काठाकडे लॅकर हळूहळू विरत गेलं पाहिजे, एकदम रेघ दिसली की फसलं. उघड्या लाकडावर शेंगदाण्याचं वगैरे तेल लावू नका, ते चिकट राहतं. जवसाचं उकळलेलं तेल, अगदी थेंबभर, आणि तळहाताने चोळायचं. तीन दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास चोळलं. रुमणं शेजारी ठेवलं होतं. डोळे मिटून एकदा याला, एकदा त्याला हात लावायचो.

चारतारा (भुसावळ)

हे वाचून हात शिवशिवायला लागले.

स्पष्टच_सांगतो (चाळीसगाव)

कामाबद्दल आदर आहे, तरी मनात आलं ते लिहितो. माझ्या वडिलांची पेटी आहे. चाळीस वर्षं भजनाला वाजली. काळी चार, काळी पाचच्या आसपासच्या पट्ट्या बोटांनी खोलगट झाल्यात. ती झीज वडिलांनी कमावलेली आहे. कोणी नवी पेटी आणून दोन महिन्यांत तशा पट्ट्या घासून देतो म्हणाला तर मला ते सहन होणार नाही. झीज ही वाजवणाऱ्याने वाद्याला द्यायची असते. कारागिराने ती आधीच देऊन टाकली तर वाजवणाऱ्याला काय उरलं?

दुसरं, आज तुम्ही प्रामाणिक आहात. उद्या हाच बेस चार हात फिरून मुंबईत कोणाला तरी '1962 चा खरा' म्हणून विकला गेला तर?

तापीकाठ (धरणगाव)

दादा, तुमच्या वडिलांच्या पेटीपुढे मी नमस्कारच करीन. आणि तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळतो, म्हणून त्याचं आधी.

नेक बॉडीत जिथे बसतो तिथे टाचेवर कारखान्यात तारीख असायची, आधी पेन्सिलने, नंतर शिक्क्याने. जुना बेस ओळखणारे लोक चार स्क्रू काढून पहिल्यांदा तिथेच बघतात. मी त्याच जागी तारीख, गावाचं नाव आणि 'जुनवलेला' हा शब्द लोखंडी सळई तापवून डागला आहे. पेन्सिल खोडता येते, डाग खोडायचा तर लाकूडच कोरावं लागेल. नेकच्या डोक्यावर कोणत्याही कंपनीचं नाव लावलेलं नाही आणि लावणार नाही. तसे स्टिकर मिळतात. कोणी पैसे जास्त देतो म्हणाला तरी ते काम मी करत नाही.

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. जेम्स जेमरसन हा बेसवादक डेट्रॉइटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर 1962 च्या एकाच प्रिसिजनवर वाजवायचा, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्या बेसवर जे साचलं ते कोणी बनवू शकत नाही, हे मान्य. जॅको पास्टोरियस या बेसवादकानेही आपल्या 1962 च्या जॅझ बेसच्या (फेंडरचाच दुसरा बेस) पट्ट्या काढल्या, खाचा भरल्या आणि शिसवावर बोटीला लावतात त्या इपॉक्सीचे थर दिले, कारण खरबरीत तारा लाकूड खात होत्या. म्हणजे तोही वाद्याला वाट न बघता हवं तसं करून घेत होता. मी नेक मऊ करतो ते तसंच. उरलेल्या जागा मी मोकळ्याच ठेवल्यात, वाजवणाऱ्यासाठी.

स्पष्टच_सांगतो (चाळीसगाव)

डागलेली तारीख आवडली. पेटीच्या बाबतीत माझं मत तेच राहील. पण हे वाचत राहणार.

केळीबाग (रावेर)

रंगाला त्या बारीक भेगा कशा आणल्या? सुकलेल्या गाळासारख्या दिसतात. आमच्याकडे रॉकेलच्या दिव्याच्या काळातल्या एका कपाटाच्या पॉलिशला अगदी तशाच आहेत.

तापीकाठ (धरणगाव)

ताई, हे मोठं प्रकरण आहे, पण नीट सांगतो, कारण इथे मी एक बॉडी गमावली.

जुने बेस नायट्रोसेल्युलोज लॅकरचे. ते पातळ बसतं, वर्षानुवर्षं आखडत जातं, पिवळं पडतं. थंडीत लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या मापाने आक्रसतात, लॅकर ठिसूळ झालेलं असतं, मग त्याला भेगा जातात. साठच्या दशकाच्या अखेरीस कारखान्याने जाड पॉलिएस्टरचा थर आणला, त्याला असं काही होत नाही. आजच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशलाही नाही. तुमच्या कपाटावर बहुधा लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश असेल, तेही असंच तडकतं.

आपलं नशीब चांगलं की नायट्रोसेल्युलोज आपल्याकडे प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. सुतार ज्याला 'एनसी लॅकर' म्हणतात त्यातलं एनसी म्हणजे तेच. रंग मी गॅरेजच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घेतला. त्याला संकोच वाटत होता की गाडीचा रंग वाद्याला चालेल का. त्याला सांगितलं, फेंडरचे रंगच मुळी गाड्यांचे होते. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. रंग ड्यूपाँट कंपनीचे, त्यातल्या एका जातीचं नाव ड्युको. आपले सुतार आजही कपाटाला 'ड्युको मारू का' विचारतात, तो शब्द तिथूनच आलाय. हे ऐकल्यावर त्याने तीन हात जास्तच मन लावून मारले. पातळ मारा म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

एनसीचं काम दिवाळी ते होळी एवढ्याच काळात करा. पावसाळ्यात हवेतली ओल लॅकरमध्ये अडकते आणि पांढरी साय धरते.

आता भेगा. मे महिन्यात, दुपारी दोनला गच्चीवर बॉडी उन्हात ठेवायची. जळगाव जिल्ह्याचं ऊन सांगायला नको, 45 अंश. अर्ध्या तासाने ती उचलून गोधडीत गुंडाळायची आणि दूधवाल्या मित्राच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे 18 वर. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी काही नाही. तिसऱ्या वेळी बाहेर काढून ओट्यावर ठेवली आणि आवाज आला, तव्यावर मोहरी पहिल्यांदा तडतडते ना, एक... मग दोन... मग एकदम सगळ्या. कान लावून बसलो होतो. भेगा रेषांना आडव्या धावत गेल्या, जुन्या बेसवर जातात तशाच.

पण ही दुसरी बॉडी. पहिलीला मी घाई केली होती. जोडाचा गोंद पुरता मुरायच्या आत फ्रीजरमध्ये घातली, आणि लॅकरच्या आधी जोडच उघडला. नखाएवढी फट, वरपासून खालपर्यंत. चार महिन्यांचं काम होतं. ती फळी मी फेकली नाही, भिंतीला टांगलीय. नवीन बॉडी जोडली की आता तिच्याकडे बघून महिना मोजतो.

केळीबाग (रावेर)

मोहरीचं वाचून ऐकूच आलं. फ्रीजरवाल्या मित्राने काही म्हटलं नाही का?

तापीकाठ (धरणगाव)

तो तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर ओट्यावर बसला होता.

रसायनवाले_सर (अमळनेर)

काम सुंदर आहे. पण इथे तरुण मुलं वाचत असतील म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगतो.

नायट्रोसेल्युलोज झपाट्याने पेट घेतं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. बंद खोलीत रंगाची गन मारायची नाही. साधा पंखा, चालू शेगडी, विडी, काही जवळ नको. घासलेला भुगा आणि चिंध्या पाण्याच्या बादलीत टाका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या तर गोळा करून ठेवल्या की आपोआप तापून पेटू शकतात, त्या उघड्यावर पसरून वाळवा.

धातू जुना करायला काही जण संडासात टाकायचं ॲसिड डब्यात ठेवून त्याच्या वाफेत स्क्रू आणि तारा सुरात लावायच्या खुंट्या टांगतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. वाफ फुफ्फुसात गेली तर महागात पडेल, आणि खोलीतली सगळी हत्यारं आठ दिवसांत गंजतील. करायचंच असेल तर मोकळ्या अंगणात, हातमोजे-चष्मा घालून, झाकण लावून, आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुवा. खुंट्यांचे दाते आधी वेगळे करा, नाहीतर सुरात कधीच राहणार नाहीत. खरं तर व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवलं तरी निकेलची चमक उतरते. क्रोम मात्र त्याला दाद देत नाही, ते आधी घासावं लागतं.

तापीकाठ (धरणगाव)

सर, अगदी बरोबर. मी व्हिनेगर-मीठच केलं. ॲसिडच्या वाटेला गेलो नाही, घरात लहान पोर आहे. बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्टीला उकळलेल्या चहाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, छान पिवळटली.

रिवाइंडिंगवाली (शिरपूर)

दादा, पिकअप विकतचा की गुंडाळलेला? आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पप्पा विहिरीच्या मोटारी भरतात. मी त्यांच्याच मशीनवर पिकअप भरून बघायचं म्हणते.

तापीकाठ (धरणगाव)

ताई, विकतचा घेतला, कारण मला ते येत नाही. तुम्ही केलंत तर पुढच्या बेसला तुमचाच लावीन. जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो. तार 42 गेजची, केसाहून बारीक, मोटारीच्या तारेच्या सवयीने ओढली की तुटणार. चुंबक अल्निको या मिश्रधातूचे. या पिकअपला दोन वेगळी वेटोळी असतात, एक जाड दोन तारांखाली, एक बारीक दोन तारांखाली. त्यांचे चुंबक एकमेकांच्या उलटे आणि वेटोळ्यांची दिशाही उलटी ठेवून एकापुढे एक जोडायची. मग तारेचा सूर दोन्हींतून मिळून येतो आणि लायटिंगची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. 1957 च्या बदलातली खरी गंमत तीच. दोन्ही पॉट, म्हणजे आवाजाचं आणि टोनचं बटण, 250 के (किलोओहम) चे.

रिवाइंडिंगवाली (शिरपूर)

मोजणीचं यंत्र आहेच आमच्याकडे. तार मागवते. पप्पा म्हणाले, तार तुटली तर ओरडणार नाही.

चारतारा (भुसावळ)

भाऊ, सरळ विचारतो. माझ्यासाठी एक कराल का? मापाचा सदरा असतो तसा माझ्या हाताचा. आणि 'झीज कोणाच्या तरी हाताची' म्हणालात, ती माझी कशी काढणार? मी काही वीस वर्षं तुमच्यासमोर बसून वाजवू शकत नाही.

तापीकाठ (धरणगाव)

करीन. आणि त्याची एक युक्ती सापडली आहे.

बॉडीला नुसता सीलर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारलेला असतो तेव्हा तिच्यावर गेरूची बारीक पूड फडक्याने झटकायची. तारा चढवून तुम्ही उभं राहून तासभर वाजवायचं, रोज ऑर्केस्ट्रात वाजवता तसंच, मान हलवत, घाम येऊ देत. जिथे जिथे तुमचं अंग लागतं तिथला गेरू पुसला जातो. मी पेन्सिलने कडा आखून घेतो. रंग झाल्यावर तिथेच आणि तेवढंच उतरवतो. स्वतःवर करून बघितलं तेव्हा कळलं, माझा अंगठा पिकअपवर टेकतो असं मी समजत होतो, तो खरं तर त्याच्या कडेला टेकतो.

तोवर घरी तुमच्या सध्याच्या गिटारवर हेच करून बघा. गेरू नको, कपड्यांना डाग राहतात. टाल्कम पावडर चालेल.

चारतारा (भुसावळ)

केलं. बायको म्हणाली गिटारला पावडर लावून कुठे निघालात.

कोपराच्या आतल्या बाजूने वरची कड पुसली गेली, ती अपेक्षा होतीच. पोटाकडे मागे एक मोठा गोल, पट्ट्याच्या बकलचा. पण एक जागा समजेना. ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, खाली, चार बोटं मागे, बारीक बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेच्या. परत पावडर लावून वाजवलं, परत तिथेच. तिसऱ्यांदा मुलाला बघायला बसवलं. त्याने पकडलं. मी तारा दाबून सूर थांबवतो तेव्हा उजव्या हातातलं कडं तिथे घासतं. वडिलांचं कडं आहे, कधी काढत नाही. वीस वर्षं तिथे ओरखडे आहेत आणि मला वाटायचं गिटारच्या पेटीत ठेवताना पडले.

रविवारी येऊ का? वाजवताना कडं काढून ठेवू का?

तापीकाठ (धरणगाव)

कडं काढू नका. रविवारी सकाळी सातच्या पॅसेंजरने या, ऊन चढायच्या आत गेरू लावून घेऊ. आई कळण्याची भाकरी आणि ठेचा करणार आहे. येताना आत्ताचा गिटारही आणा, त्या रेघा मला बोटाने बघायच्यात.